बाबांची ओहोटी चुकली

परवा सकाळी मी आणि बाबा चपला हातात घेऊन, गुडघ्याखालच्या पाण्यातून अलिबागच्या किल्ल्याकडे चाललो होतो. बाबा पुढे, मी मागे. आदल्या रात्री जेवताना आमचं चांगलंच वाजलं होतं.

मी टीवायबीएला आहे, विषय इतिहास. पुढे मुंबईला राहून एम.ए. करायचंय. बाबांचं म्हणणं, बीए झालं की पुरे, नागावच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनला मुलगी हवीच आहे. "मेलेल्या राजांनी कुनाचा प्वाट भरलाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाबा आक्षीचे. मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे समुद्रात गेल्यावर सगळी बोट त्यांच्या शब्दावर चालते. आज तिथी कुठली आणि पाणी कधी चढणार, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. भरतीत किल्ल्यावर अडकणाऱ्या पर्यटकांना नावं ठेवणं हा तर त्यांचा आवडता उद्योग!

येत्या रविवारी फर्स्ट इयरच्या मुलांना मला हा किल्ला दाखवायचा आहे, तोही हातात कागद न घेता. तालमीला येणाऱ्या मैत्रिणीने ऐनवेळी टांग दिली. एकटीने समुद्रातून जायचं नाही, म्हणून बाबा निघाले. पाणी वळायच्या आत परत यायचं, एवढंच बजावलं.

किल्ल्यात शिरल्यावर मी सुरू झाले. श्रोता एकच, तोही तोंड वाकडं करून उभा... चुना न भरता रचलेले ते भलेमोठे दगड, फटींत शिरून जिरणारी लाट, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची सोय. बाबा मान हलवत होते, पण डोळे पाण्याकडे.

मग मी राजे-सरदार सोडून खलाशांकडे वळले. आरमाराच्या गलबतांवर वल्ही कोण मारायचं, शिडं कोण सांभाळायचं... आपल्याच किनाऱ्यावरची माणसं. जिंकलं तर नाव सरदाराचं, आणि जो बुडाला त्याचं नाव बहुतेक कुठेच नाही. मला पुढे शिकून हीच माणसं शोधायची आहेत, हेही बोलून गेले. घरी भांडताना हे सांगायचं कधी सुचलंच नव्हतं.

बाबा पायरीवर बसले. "मंग त्यांचे घरी कसा कलत असंल गो? मानूस आता येनार नाय म्हनून?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. बाबांचे थोरले भाऊ समुद्रावरून परत आले नाहीत, एवढं मी लहानपणापासून ऐकून होते. त्या सकाळी बाबांनी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितलं... मग मी विचारत गेले, ते विचारत गेले. उन्हं कधी वर आली, कळलंच नाही.

उठून दरवाजाशी आलो तर वाट गायब! सगळीकडे पाणी. मी बाबांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झालेला.

बोट येण्याइतकं पाणी चढेपर्यंत आम्ही दोघं पर्यटकांसारखे ताटकळत बसलो. शेवटी पहिली बोट आली, ती नेमकी बाबांच्या जुन्या दोस्ताची, हरेशकाकांची. त्यांना हसू आवरेना. "काय रं, तांडेल ना तू? पानी चरला तं तुला समाजला नाय?"

बाबा दुसरीकडे बघत म्हणाले, "पोरगी सांगत व्हती."

बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मी मान वर केली नाही. रडू येत होतं आणि ते हरेशकाकांना दिसू द्यायचं नव्हतं...

एम.ए.चं अजून पक्कं काही नाही. आई म्हणते, आता उगाच पिरपिर करू नकोस, त्यांना वेळ दे. पण काल रात्री जेवताना बाबांनी आपणहून विचारलं, मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलं की पुढे तुझं कॉलेज किती लांब?

विद्यापीठाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, माझा परवा किल्ल्यावरच लागला. उभ्या जन्मात ज्यांनी पाण्यावरची नजर हलवली नाही, ते माझं ऐकताना पाणी बघायचं विसरले... बाबा, रविवारीही याल ना?