तांदळावरच्या तीन रेघा

मी आज मुलुंडात धडधाकट उभा आहे तो सीआयडीमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की असल्या माणसाबरोबर एका खोलीत राहणं म्हणजे शिक्षाच. तशी ती होतीही.

सीआयडी हे नाव त्याला बाळामामाने ठेवलं. बाळामामा म्हणजे माझ्या आईचा लांबचा भाऊ. आम्ही तिघं राहायचो ती चाळीतली खोली त्याची. तो विक्रोळीला कारखान्यात जाई आणि दोन्ही वेळा खाणावळीत जेवे. सीआयडी माटुंग्याला कॉलेजात सायन्स शिकत होता. खोलीतला खिडकीजवळचा कोपरा त्याचा. तिथे तो स्वतःच्या स्टोव्हवर स्वतःपुरतं शिजवून खाई. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, हा त्याचा नेम. पहिल्या वर्षी मेसमध्ये जेवून त्याला विषमज्वर झाला होता, परीक्षा हुकली होती. "माझं एक वर्ष त्या आमटीत बुडालं," असं तो सांगे. "तेव्हापासून ठरवलं, बघितल्याशिवाय घास नाही."

आणि बघणं तरी कसलं! तांदूळ वर्तमानपत्रावर पसरून तो पालथा पडे आणि गुन्हेगार हुडकावा तसा खडा हुडके. दुधाचा थेंब नखावर धरून बघे, ओघळला की दूधवाल्याशी जुंपलीच. भाजीवाली दिसली की भेंडीचं टोक मोडून बघे. ती ओरडायची, "घ्यायचीय की नुसती मोडायचीय रे मेल्या?" त्यावर हा शांतपणे म्हणायचा, "मोडत नाही, म्हणूनच घेत नाही." रॉकेल तो हुंगूनच घेई. सुकट आणली तर आधी पाण्यात टाकून खाली किती वाळू बसते ते बघे. बाळामामा माझ्याकडे बघून म्हणे, "ह्येका सगळ्यांचो संशय. उद्या स्वतःच्या सावलीकय विचारीत, खंय चललंस म्हणान!"

पण त्याचं शिजवणं मात्र बघत राहावं असं होतं. स्टोव्ह एकच, म्हणून पातेल्यात भात, त्याच्या पोटात वाटी ठेवून डाळ, आणि वरच्या झाकणात पाणी, ते चहाला. हे सगळं एका आचेवर. तोवर मांडीवर पुस्तक. पुस्तकात तोंड असलं तरी नाक पातेल्याकडे असायचं. दोन-तीन दिवसांतून एकदा कुळथाची पिठी, त्यात आंबटाला चार सोलं, म्हणजे आमसुलं, लसूण आणि एक लाल मिरची. तिच्या वासाने मला घर आठवे आणि भूक खवळे.

मी ती खवळू देत असे. सातवीतून शाळा सुटली होती, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि मला रंगाच्या डब्यांच्या एका कारखान्यात तात्पुरतं लावून घेतलं होतं. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पावसाळ्यापर्यंत टिकलास तर कायम करतो. आजारी पडलास तर परस्पर गावाला. इथे भोवळबिवळ चालायची नाही, समोर पत्रा कापायचं मशीन आहे." खाणावळीतलं तिखट मला सोसेना, आठवड्यात पोट बिघडलं. खाणावळ सोडली. बाळामामाला म्हटलं, मी घरीच शिजवीन. त्याने जुना स्टोव्ह दिला. पहिल्या दिवशी माझा भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. बाळामामा इतका हसला की शेजारची माणसं दारात जमली. आमच्याकडे पुरुषाने चुलीपुढे बसायचं ते बायको बाळंत झाली तरच. मी त्या दिवसापासून धसका घेतला.

सीआयडीला विचारावं, असं मनात येई आणि तिथेच थांबे. तो आमच्या शेजारच्या गावच्या खोतांचा पुतण्या. खोती कायद्याने गेली होती. त्या घरातला रुबाब गेला, संशय तेवढा शिल्लक राहिला, असं मला वाटे. मी त्याला "तुम्ही" म्हणायचो. तो म्हणायचा, "तुम्ही कोणाला? काकांना? ते गावाला आहेत. मला तू म्हण." तरी माझ्या जिभेवर तू येईना. खोतांच्या घरचा माणूस उगाच गोड बोलत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं.

त्यात त्याची एक खोड मला मुळीच आवडत नसे. डबा बंद करायच्या आधी तो आतल्या तांदळावरून हात फिरवून तो सपाट करी आणि तीन बोटांनी तीन रेघा ओढी. कुणी मूठभर काढले तर कळावं म्हणून. खोलीत माणसं तीन. बाळामामाला तांदळाचं काय करायचंय? म्हणजे राहिलो मी. मी माझ्या डब्याला सुतळी बांधू लागलो. आईने दिलेले उकडे तांदूळ होते त्यात. आणि एक दिवस बघतो तर सुतळीची गाठ वेगळी. मी उजवी गाठ मारतो, ही डावी होती. मी डबा न उघडताच गाठ पुन्हा उजवी मारली. त्या दिवसापासून तो माझ्यावर नजर ठेवी आणि मी त्याच्यावर.

मग एका रविवारी मी डबा उघडला. तांदूळ कमी झाले नव्हते. पण वरून सपाट केलेले होते आणि त्यावर तीन रेघा होत्या.

माझं डोकंच फिरलं. आमच्या अंगणातल्या खळ्यावर भात झोडून रास घातली की खोतांचा माणूस येऊन त्या राशीवर राखेचा शिक्का मारून जाई. खोतांचा वाटा उचलेपर्यंत वडिलांनी त्यातला दाणा हलवायचा नाही. घरात पेज पातळ होत जाई आणि अंगणात शिक्का मारलेली रास. ती राखेची खूण माझ्या डोळ्यांपुढे आली. मी डबा त्याच्यापुढे आदळला.

"हा काय शिक्का मारलास?" पहिल्यांदाच तू आलं तोंडात. "माझ्या आईचे तांदूळ आहेत हे. तुमची खोती संपली आता!"

बाळामामा आडवा झाला होता, तो उठून बसला. सीआयडीने पुस्तक मिटलं.

"मीच ओढल्यात," तो म्हणाला. "गेल्या रविवारी ओढल्या. आज रविवार. अजून तशाच्या तशा आहेत. शांत्या, तू खातोस काय?"

मी डबा मागे ओढून घेतला.

"अरे, पण हो रोज सकाळी स्टोव्ह पेटयता मां!" बाळामामा म्हणाला. "माका आवाज येता."

"पेटवतो. पाणी उकळतो आणि ओतून देतो. मी त्याचं पातेलं रोज हुंगतो, मामा. त्याला भाताचा वास नाही, कडेला चिकटलेलं एक शीत नाही. दुपारी चणे खात असेल, संध्याकाळी चहा. जिना चढताना भिंत धरतो हा."

ते खरं होतं. स्टोव्हचा आवाज ऐकू गेला की कुणी विचारत नसे. दोन दिवसांपूर्वी मशीनपुढे डोळ्यांसमोर अंधारी आली होती, तेही त्याला कळलं होतं की काय कोण जाणे. बाळामामाचं तोंड एवढंसं झालं. "मेल्या, माका सांगूक काय झाला होता?" तो म्हणाला.

"हात धू," सीआयडी मला म्हणाला. "आता मोड त्या रेघा. मी नाही मोडणार. तुझे तांदूळ आहेत, तुझ्या हाताने मोड."

मी मोडल्या. त्याने मला तांदूळ निवडायला लावले, धुवायला लावले. पाणी बोटाच्या पेराने मोजायला शिकवलं, पण पेरावर विसंबायचं नाही, शीत चेपून बघायचं, हेही शिकवलं. "पाण्यावर विश्वास नाही, स्टोव्हवर तर नाहीच नाही. शितावर ठेव." पिठी मी ढवळली आणि गुठळ्या केल्या. त्याने ती हुंगली, चाटून बघितली आणि ताटात वाढून घेतली. दुसऱ्याच्या हातचं न खाणारा तो माणूस माझी गुठळ्यांची पिठी खालमानेने जेवला. बाळामामाने हळूच आपलं ताट पुढे सरकवलं. "जरा वाढ रे. खाणावळीत आज वांगा आसा."

मग रोज रात्री झोपायच्या आधी तो माझा डबा उघडून रेघा ओढी आणि दुसऱ्या संध्याकाळी तपासून बघे. मोडलेल्या असल्या की हुं म्हणे. एकदा मी आळसाने जेवलो नाही आणि नुसत्याच बोटाने रेघा विस्कटून ठेवल्या. त्याने डबा हातात तोलून बघितला आणि विचारलं, "मला फसवतोस?" मी मुकाट्याने स्टोव्ह पेटवला. पावसाळ्यात मुकादमाने मला कायम केलं. घरी कळवलं तेव्हा आईने उलट विचारलं, तांदूळ संपले का? संपले होते. मी दुकानातून आणून, वर्तमानपत्रावर पसरून, पालथा पडून निवडू लागलो होतो.

सीआयडी पास झाला आणि लांब, कुठल्याशा साखर कारखान्यात नोकरीला लागला. जाताना त्याने आपली भांडी दोनदा तपासली, हमालाने गादी नीट उचलली की नाही ते बघितलं, टांगेवाल्याच्या घोड्याच्या पायाकडेही संशयाने बघून घेतलं. मला म्हणाला, "बरं आहे," एवढंच. मला वाईट वाटलं. संध्याकाळी एकट्याने डबा उघडला तर त्यात तीन रेघा. कधी ओढल्या कोण जाणे. मला त्या दिवशी अजिबात भूक नव्हती, तरी मी त्या मोडल्या आणि जेवलो.

परवा बाळामामाने बातमी आणली. सीआयडी अजून एकटाच आहे, वाळला आहे, कुणी विचारलं तर जेवलो म्हणून सांगतो. रोज सकाळी त्याच्या खोलीतून स्टोव्हचा आवाज येतो म्हणे.

मला त्या आवाजाचा भरवसा नाही. रजा मिळाली की मी जाणार आहे. आधी कळवणार नाही, कळवलं तर तो भात शिजवून ठेवील. सोबत कुळथाचं पीठ आणि सोलं घेईन. आधी त्याचं पातेलं हुंगीन. मग त्याचा डबा उघडीन, तांदूळ सपाट करीन आणि त्याच्यादेखत तीन रेघा ओढीन. त्या त्याच्या हाताने मोडल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.