विश्रामबाबांची दुसरी पेटी

विश्रामबाब आरती अर्धीच म्हणत. सकाळी घरापुढच्या सोप्यावर बसून सुपारी कातरताना खड्या आवाजात एक ओळ म्हणायचे आणि गप्प व्हायचे. अडकित्ता चालू, तोंड बंद. मग एका ओळीला लागतो तेवढा वेळ गेला की तिसरी ओळ सुरू. दुसरी आणि चौथी कधी ऐकूच यायची नाही. आम्ही नुकतेच बेळगावकडून डिचोलीजवळच्या त्या वाड्यावर, म्हणजे आपल्याकडच्या वाडीवर, राहायला गेलो होतो. माझा नवरा महादेव तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला वयोमानाने शब्द आठवत नसावेत. माझा स्वभाव आगाऊ. एक दिवस चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "काका, मधली ओळ विसरता का हो? पुस्तक आणून देऊ?"

त्यांनी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. डावा कान खाणीवरच्या डंपरने कधीच खाल्ला होता. "विसरूंक ना गो बाये," ते म्हणाले. "ती ओळ म्हजी न्हय."

हे प्रकरण समजायला मला पहिली चवथ यावी लागली. गणेश चतुर्थीला तिकडे चवथ म्हणतात, आणि चवथीला वाड्यावरची मंडळी घुमट, शामेळ नावाचा ढोल आणि कांसाळी, म्हणजे झांजा, घेऊन घरोघर आरती करत फिरतात. घुमट म्हणजे मातीचं, दोन्हीकडे तोंड असलेलं भांडं. एका तोंडावर चामडं ताणलेलं असतं. आमच्या वाड्याच्या मधून एक पायवाट उतरत जायची. तिच्या वरच्या अंगाच्या घरांतले पुरुष गणपतीच्या एका बाजूला उभे राहत, ती वयली ओळ. खालच्या अंगाच्या घरांतले समोर, ती सकयली. वयलीने एक चरण म्हणायचा, सकयलीने त्याला जाप द्यायची, म्हणजे उत्तर द्यायचं. एकाने दुसऱ्याचं तोंडात घ्यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चालल्यामुळे अर्ध्या वाड्याला अर्धीच आरती येत होती, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

विश्रामबाब वयल्या ओळीचे. त्यांचे थोरले भाऊ, दादा, वाटणी झाल्यावर पायवाटेच्या खाली घर बांधून राहिले आणि सकयल्या ओळीत गेले. तेव्हापासून दोघे भाऊ दर चवथीला समोरासमोर. "चूल वेगळी जाली, पूण जाप चुकलीना," असं विश्रामबाब सांगत. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्याच बंद घराच्या दोन खोल्या विश्रामबाबांनी आम्हाला भाड्याने दिल्या होत्या.

मी पाहिलेल्या त्या पहिल्या चवथीला सकयली ओळ नव्हतीच. खाणी बंद पडल्यावर खालच्या घरांतले ट्रकवाले जिथे काम मिळालं तिथे गेले होते. वयल्या ओळीतले चार म्हातारे गणपतीपुढे एक चरण म्हणायचे आणि थांबायचे. समोर भिंत. मग नुसतं घुमट वाजत राहायचं. मला परक्या बाईलासुद्धा ते पाहवलं नाही. तिसऱ्या घरात कुणीतरी सुचवलं की पुढच्या वर्षीपासून मोबाइलवर आरती लावू, सगळ्यांचेच हाल वाचतील. विश्रामबाब एवढंच म्हणाले, "पेटी आरती म्हणटली, मागीर आमी कितें करतले? नेवऱ्यो खातले?" आणि त्या घरच्या नेवऱ्यांना त्यांनी हात लावला नाही. नेवरी म्हणजे आपली करंजी, आणि विश्रामबाबांचा तो जीव की प्राण.

मी त्यांना विचारलं, तुम्ही वयलीतले लोक सकयली ओळ शिकून का घेत नाही? "शिकोवपी कोण?" ते म्हणाले. "शब्द पुस्तकांत मेळटात. पूण खंय ओडप, खंय श्वास घेवप, तें पुस्तकांत ना. तें दादाकडेन आसलें." आता ते एकाच ठिकाणी उरलं होतं. खाण चालू असतानाच्या एका चवथीला कुणा हौशी पाहुण्याने दोन्ही ओळींपुढे एकेक मायक्रोफोन ठेवून अख्खी आरती मुद्रित केली होती, अशी की वयली डाव्या स्पीकरमधून यावी आणि सकयली उजव्यातून. विश्रामबाबांचा मुलगा नीलेश आखातात नोकरीला होता. त्याने ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून दिली होती. पण विश्रामबाबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरला पेनड्राइव्ह कुठून लागणार?

तेव्हा नीलेशने ठरवलं की बाबांना गाणी ऐकायचं चांगलं यंत्र घेऊन द्यायचं. सोबत म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी इंटरनेटवर वाचून शहाणी झाले होते. माझं मत पक्कं होतं: सगळं पोटात असलेली एकच पेटी घ्यायची. वायफायवर चालते, जगातलं कुठलंही गाणं लागतं, फोनवरून आवाज कमी-जास्त होतो, वायरींचं जंजाळ नाही. दुसरा पर्याय होता वीज लावून चालणाऱ्या दोन सुट्या स्पीकरांचा. प्रत्येकाचा प्लग वेगळा, आवाजाचं बटण वेगळं, आणि गाणं पुरवायला तिसरं काहीतरी जोडायचं. नीलेश फोनवर म्हणाला, "बाबांना एकच कान आहे, वहिनी. दोन पेट्या घेऊन काय करणार?" वाड्यावर या वाक्याची म्हणच झाली. एका कानाक दोन पेटयो.

म्हापशाच्या दुकानात मालकाने पेनड्राइव्ह आधी एकपेटी यंत्राला लावला. मला तर आवाज फार आवडला. घुमट असं दणदणलं की काचेच्या कपाटातल्या वस्तू थरथरल्या. विश्रामबाब उजवा कान पुढे करून ऐकत होते. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरें आसा. पूण ह्या पेटयेंत दादा खंय आसा?"

मालकाला वाटलं, दादा नावाचं काही बटण असावं. मी त्याला समजावलं. सगळे आवाज एकाच पेटीतून एकत्र कालवून येत होते, त्यामुळे एका कानाच्या माणसाला कुठली ओळ कोण म्हणतंय ते कळत नव्हतं. मग सुटे स्पीकर लावायचं ठरलं. ते मांडायला विश्रामबाब स्वतःच उठले आणि त्यांनी दोन्ही स्पीकर एकमेकांकडे तोंड करून ठेवले. "काका, ते ऐकणाऱ्याकडे वळवायचे असतात," मालक म्हणाला. "ऐकणारे आमी कोण?" विश्रामबाब म्हणाले. "ते एकामेकांक म्हणटले. समोर नाका?" मी कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक देवासारखं असतं म्हणून मालकाने तसंच राहू दिलं आणि एका स्पीकरचा प्लग लावला. दुसऱ्याचा लावायला तो खाली वाकला, तेवढ्यात आरती सुरू झाली.

पहिला चरण कुठूनतरी लांबून आल्यासारखा पुसट आला. आणि मग त्या एका पेटीतून दादांची ओळ आली, स्वच्छ, एकटी, जणू दुकानातच कुणी उभं राहून म्हणत होतं. पुढच्या चरणाची वेळ झाली. भर दुकानात, फ्रीज आणि मिक्सर बघायला आलेल्या माणसांदेखत, विश्रामबाबांनी आपली ओळ म्हटली. समोरून दादांनी जाप दिली. पुन्हा यांनी म्हटली, पुन्हा तिकडून आली. मालक प्लग हातात धरून तसाच बसून राहिला होता.

"रावात," विश्रामबाब त्याला हाताने थांबवत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. "दुसरी लावूं नाकात."

सुटेच स्पीकर घेतले. त्यातला एक विश्रामबाबांनी आपल्या घरातही ठेवला नाही. आमच्या पुढच्या खोलीत, दादांच्या जुन्या जागी, आणून बसवला. दुसरा खोक्यासकट माळ्यावर गेला. महादेव त्यांची थट्टा करायचा, "काका, एकच वापरायची होती तर दोन कशाला घेतल्या?" ते सुपारी तोंडात टाकत शांतपणे म्हणायचे, "ती म्हज्या माघारी लागतली." महादेव हसायचा, मीही हसायचे.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला विश्रामबाब आपल्या सोप्यावरून एक चरण म्हणायचे आणि पायवाटेच्या खालून, माझ्या खोलीतून, दादा उत्तर द्यायचे. मी भाकऱ्या थापत असायचे. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी पेटी बंदच होती. वरून नेहमीसारखी ओळ आली, नेहमीसारखी शांतता पडली, आणि हात पिठात असताना माझ्या तोंडून दुसरी ओळ निघून गेली. दादा जिथे श्वास घ्यायचे तिथेच मी घेतला.

वरचा अडकित्ता थांबला. थोड्या वेळाने विश्रामबाब काठी टेकत माझ्या दारात आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. बाई, त्यात परगावची, आणि ज्या ओळीत आजवर कधी बाई उभी राहिली नव्हती ती म्हटलेली.

"ही ओळ तुका कशी आयली?"

"भिंतीतून आली, काका," मी म्हटलं.

त्यांनी काठीचं टोक उंबऱ्यावर टेकवलं. मग आधी मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलले, "घर सकयलें, म्हणजे ओळ सकयली. ओळ घराची आसता, नांवाची न्हय." झालं. एका वाक्यात त्यांनी वाड्याचा नियम मोडलाही नाही आणि मला आतही घेतलं. वयलीतल्या एका म्हाताऱ्याने कुरकुर केली, तर त्याला विचारलं, "तूं जातलो सकयल रावूंक?" 

मग खालच्या अंगाच्या प्रत्येक घरात त्यांनी निरोप धाडला. जे घर उघडं त्याची ओळ. भाडेकरू म्हणून राहणारी कोल्हापूरकडची दोन कुटुंबं आली. त्यांना भजनाची सवय होती, पण ताल वेगळा पडायचा. मागे राहिलेल्या बायका आल्या, आणि महादेवही कांसाळी घेऊन आला. तालमीत आमच्यामध्ये स्पीकर ठेवलेला असायचा. दादा म्हणायचे, आम्ही त्यांच्या मागून ओढत जायचो. विश्रामबाब समोरून उजवा कान लावून ऐकायचे आणि चुकलं की घुमटावर थाप मारून थांबवायचे. आमची ओळ जरा धीट झाली की ते स्पीकरच्या पाठीला हात घालून आवाज थोडा कमी करायचे. कुणाला कळणार नाही इतकाच.

चवथीच्या दिवशी आरती शेवटी विश्रामबाबांच्या घरी आली. इतर घरांत आवाज अगदी बारीक ठेवून आम्ही स्पीकर बरोबर नेला होता. मोठी वायर घेऊन महादेव पुढे धावत होता. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली दोन्ही ओळी उभ्या राहिल्या. विश्रामबाबांनी पहिला चरण म्हटला. आम्ही जाप दिली. दुसऱ्या चरणाला ते आपली जागा सोडून आमच्याकडे आले आणि स्पीकरपाशी वाकले. त्यात दादांचा आवाज होता, जगात उरलेला तेवढाच. त्यांनी बटणावर हात ठेवला.

"पुरो दादा," ते म्हणाले. "बस आतां."

बटण बंद झालं. घुमट वाजतच होतं. आमच्या ओळीने उत्तर दिलं, जरा थरथरत, पण पुरं दिलं. त्या दिवशी विश्रामबाबांनी मनसोक्त नेवऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर दोन चवथी त्यांनी भरल्या ओळींत केल्या. मग एका हिवाळ्यात, फारसा कुणाला त्रास न देता, ते गेले. नीलेश आखातातली नोकरी सोडून घरी आला तो परत गेला नाही. डिचोलीतच काम बघितलं. सुतक फिटल्यावर वयल्या ओळीत बापाच्या जागी उभं राहायचं त्याच्या वाट्याला आलं आणि तो गडबडून गेला. ओळ शिकायच्या वयातच नोकरीसाठी परदेशी गेलेला, त्याला आपली ओळ येतच नव्हती. एक दिवस खाली मान घालून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, म्हाका शिकोवची कोणें?"

मी त्याला माळ्यावर चढवलं. खोकं अजून न फोडलेलं होतं. त्याच्या सोप्यावर ती डावी पेटी पायवाटेच्या खाली तोंड करून मांडली, पेनड्राइव्ह जोडला, प्लग लावला. त्या संध्याकाळी वरून विश्रामबाबांची ओळ आली, खणखणीत, दोन्ही कान शाबूत असतानाची. नीलेश खांबाला धरून उभा होता. मी पिठाचे हात पुसले आणि खालून जाप दिली.

ती पेटी अजून चालू आहे. नीलेशचा आवाज हळूहळू सुटतो आहे. काल जाऊन मी बटण थोडं खाली केलं, त्याला कळणार नाही इतकंच.