टोपली धरलेली मुलगी

सात-आठ वर्षांपूर्वी कॅनडात ब्रॅम्पटनला कॉलेज करताना मी औषधांच्या एका दुकानात फोटो छापून द्यायच्या काउंटरवर पार्टटाइम काम करायचे. हिवाळ्यात एक स्कॉटिश आजी बसने यायच्या, कोट न काढताच खुर्चीत बसायच्या आणि आपला फोन माझ्या हातात द्यायच्या. त्यांच्या समुद्रकाठच्या गावातले लोक गावाचे जुने फोटो जमवत होते. फोटोतली माणसं ओळखणारं तिकडे फारसं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते फोटो आजींच्या फोनवर पाठवायचे. आजींचे डोळे अधू झाले होते. त्या मोठी प्रिंट काढून घ्यायच्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव सांगायच्या. मी ते मागे लिहायचे. मधेच डोळे मिटून म्हणायच्या, "थांब जरा. दमले."

एकदा धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बायकांचा फोटो आला. सगळ्यांची नावं सांगून झाली. कडेला टोपली धरून उभ्या असलेल्या मुलीपाशी बोट थांबलं.

"ही आठवत नाही का?" मी विचारलं.

"ही मीच. गावातले विचारतायत, ही कोण म्हणून." मग म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यांना मी ओळखलं. मला ओळखणारं तिथे कोणी नाही गं."

"नाव लिहू?" मी विचारलं.

त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी लिहिलेलं त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं, मान हलवली. त्यांची बस निघून गेली, तरी त्या फोटो मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या.