एक्सलचा आवाज

आमची गाडी सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी ती वळताना बोलायला लागली. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या चाकापाशी कट-कट-कट, अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसा आवाज. मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघते. बेअरिंग कुरकुरलं की ते अजून किती दिवस काढेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे एका रविवारी बाबांनी गाडी गल्लीतून काढली, तेव्हा मागच्या सीटवर बसल्याबसल्याच मला कळलं की एक्सलचा जॉइंट गेला. मी म्हटलं, "बाबा, आवाज येतोय ना?" ते म्हणाले, "हव."

हव म्हणजे छत्तीसगढीतलं हो. बाबांची सगळी नोकरी रायपुरात रेल्वेत गेली, पण घरात ते कायम हो किंवा नाही म्हणायचे, आणि त्यातही नाहीच जास्त. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी सगळ्याला हव सुरू झालं. आम्ही चिडवायचो की इतकी वर्षं राहून बाबा आता कुठे छत्तीसगढिया झाले. ते हसायचे.

खरं तर गाडी विकून टाकावी असं माझं मत होतं. पण सोमवारी आणि गुरुवारी आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी पंडरीच्या दवाखान्यात न्यायचं असतं, आणि ते काम बाबांचं. त्या दोन दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालतात आणि अर्धा तास आधी तयार होऊन आईच्या मागे लागतात. बाकीच्या दिवसांत त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे. गाडी गेली तर हेही जाईल, म्हणून मी मत गिळलं आणि पुढच्या रविवारी आम्ही गुढियारीच्या मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री मितभाषी होता. आडवा होऊन त्यानं चाकांच्या मागे टॉर्च मारला. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं होतं. "दोनों बूट फटे हैं, बाबूजी." बूट म्हणजे जॉइंटवर चढवलेली रबराची घडीघडीची टोपी. ती ग्रीस आत धरून ठेवते आणि धूळ बाहेर. आमच्या गावात धुळीला कुठंही शिरायला फार वेळ लागत नाही. आता झिजलेला जॉइंट कोणत्या बाजूचा, ते चालवून बघायचं होतं.

मागच्या मोकळ्या मैदानात बाबांनी गाडी गोल फिरवली. मिस्त्री शेजारी, मी मागे. उजवीकडे वळताना सगळं शांत. डावीकडे वळवली आणि कट-कट सुरू झालं, इतकं स्पष्ट की मैदानातला कुत्रा उठून बाजूला झाला.

"बाबूजी, किधर से आ रहा? दाएँ से कि बाएँ से?" मिस्त्रीनं विचारलं.

"हव," बाबा म्हणाले.

मिस्त्रीला वाटलं, गंमत करतायत. त्यानं पुन्हा विचारलं. "हव, हव," बाबा समोर बघत म्हणाले आणि गोल फिरवत राहिले. गाडी कटकटतच होती. मिस्त्रीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. दाराची बेल वाजतच नाही असं बाबा म्हणाले म्हणून मी ती दोनदा बदलली होती; दोन्ही वेळा ती बिघडलेली नव्हती. मला लाज वाटली. लोखंडाचं दुखणं कानानं ओळखणारी बाई मी, आणि घरात दोन वर्षं बापाची थट्टा करत होते.

मिस्त्रीनं उजवा जॉइंट खोलून फडक्यावर ठेवला. ग्रीस वाळूसारखं कचकचत होतं. बाबा स्टुलावरून खाली वाकले आणि आतल्या पोलादी गोळ्या ज्या खाचांतून फिरतात त्यांच्यावरून नख फिरवू लागले. "इथं खड्डा आहे," ते मला म्हणाले. खड्डा होता. मग नवा जॉइंट लाकडी हातोड्यानं ठोकून बसला, ग्रीसची पुडी पिळून रिकामी झाली, दोन्हीकडे नवे बूट चढले, त्यांच्या पट्ट्या आवळल्या गेल्या. दुपारचे तीन वाजले.

तपासायला पुन्हा त्याच मैदानात गेलो. या वेळी मिस्त्री आला नाही. मी बाबांच्या शेजारी बसले. बाबांनी एक गोल डावा घेतला, एक उजवा, आणि मधेच गाडी थांबवली.

"गेला का आवाज?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"गेला," मी मोठ्यानं म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली. "मागून हॉर्न वाजला तं मले समजतच नाही," ते म्हणाले. "गुरुवारी तुही आई बसली होती बाजूले. ट्रक एकदम जवळून गेला. ते घाबरली, मी नाही. मले मालूमच नव्हतं."

मी म्हटलं, कानाचं मशीन घेऊ, डॉक्टरकडे जाऊ, उद्याच जाऊ. सगळं एकदम आणि ओरडून.

"काहून ओरडून राहिली? पाहू ते." ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि मी उठायची वाट बघत उभे राहिले. मी उठून स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. ते डावीकडे बसले, सीट थोडी मागे सरकवली. मी चावी फिरवली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उद्यापासून तिले तूच नेत जाय," ते म्हणाले. "पण आईले डोळ्याचं कारण सांगजो. कानाचं सांगशीन तं तिले समजन, दोन वर्षं झाले मी तिचं ऐकलंच नाही."