दादाने स्लो उतरवला

आमचा दादा गाडीचा स्लो कानाने लावतो. स्लो म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन फिरतं तो वेग. कमी पडला की गाडी बंद, जास्त झाला की पेट्रोलची राख. मी त्याचा धाकटा भाऊ, तीस वर्षं गॅरेजमध्ये त्याची बोलणी खातोय. चुकलो की म्हणतो, "तुला स्क्रू फिरवायला सांगितला होता, डोकं नाही."

स्लो लावला की एसी आणि हेडलाइट चालू करून बघायचं, हा नियमही त्याचाच. ओझं पडल्यावर टिकतो तोच खरा स्लो. हे त्याने मला शंभरदा पढवलंय.

वहिनीला कॅन्सर झाला आणि सिग्नलला इंजिनाची घरघर तिच्या डोक्यात जायला लागली. बिचारी ओठ दाबून बसायची. दादाला ते बघवेना. एका सकाळी त्याने घरच्या गाडीचा स्लो उतरवत उतरवत इतका खाली आणला की इंजिन चालू आहे का हे विचारावं लागे. वहिनी आत बसून म्हणाली, "आता कसं बरं वाटतंय." तेवढ्यावर हा गडी असा सुखावला की एसी लावून बघायचं विसरला. मला आठवलं होतं. त्याचा हसरा चेहरा बघून मी गप्प बसलो, शहाणा कुठला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला धाप लागली. आम्ही दवाखान्यात निघालो. मागच्या सीटवर तिला धरून मी बसलो होतो. तिला गुदमरायला लागलं म्हणून दादाने सिग्नलला एसी लावला, आणि इंजिन बंद पडलं. चावी फिरवून फिरवून इंजिनात नको तितकं पेट्रोल चढलं, मग तर ते चालूच होईना. दादा उतरला आणि बॉनेट उघडून आत वाकला.

बाजूला टॅक्सीवाला थांबला. म्हणाला, "यांना माझ्या गाडीत बसवा." दुसरा कुणीही बसला असता. आम्ही पडलो मेकॅनिक. दादा डोकं वर न काढता म्हणाला, "दोनच मिनिटं." मीही टॅक्सीवाल्याला जा म्हणालो.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांना बोलवा ना."

मी म्हणालो, "वहिनी, होतेच आहे चालू."

मग तिने स्वतः हाक मारली, "अहो." दोनदा. मागच्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये ती हाक बॉनेटपर्यंत पोचली नाही.

इंजिन चालू झालं. दादा काळ्या हातांनी दार उघडून म्हणाला, "अगं, झाली बघ." तिची मान माझ्या खांद्यावर पडली होती.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं. दादा आता प्रत्येक गाडीचा स्लो चढा ठेवतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, मी त्यांच्यावर खेकसतो.

अधूनमधून, हात पुसता पुसता, तो मला विचारतो, "शेवटी काही बोलली का रे ती?"

मी सांगतो, "नाही दादा, तिचा डोळा लागला होता."

"तेच म्हणतो मी," तो म्हणतो, "हाक मारली असती तर सगळं टाकून आलो असतो ना."