माझ्या ताऱ्याची वैरीण

"कशावरून?" हनुवटी वर करून, चष्म्याच्या खालच्या अर्ध्या काचेतून बघत मॅडम हा शब्द समोरच्यावर फेकायच्या. शिपायानं पाणी संपलंय म्हटलं तरी कशावरून, प्राचार्यांनी सुट्टी जाहीर केली तरी कशावरून. असं माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. घरी गेल्यावरही त्याच्याशी आपण मनातल्या मनात भांडत बसतो.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत. बारामतीच्या कॉलेजात त्या फिजिक्सच्या विभागप्रमुख, आणि माझं नशीब असं की पीएचडीच्या गाईडही त्याच.

माझा विषय ताऱ्यांचा जन्म. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो, मधला गोळा तापत जातो, आणि पुरेसा तापला की त्याच्या पोटात हायड्रोजन पेटतो. हे सगळं धुळीआड चालतं, साध्या प्रकाशात काही दिसत नाही. म्हणून धुळीतूनही बाहेर येणारे अवरक्त किरण टिपणाऱ्या दुर्बिणींची चित्रं घेऊन आम्ही कॉम्प्युटरसमोर बसतो.

पण याला लागतात लाखो वर्षं. तेवढं कोण बघत बसणार? हे शिकवायला मॅडमनी मला जीपमध्ये घालून आपल्या माहेरी, अंथुर्ण्याला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस.

"ऊस वाढताना कधी बघितलायस? नाही ना? पण या एका रस्त्यावर कोंब, गुडघ्याएवढा, तुरा आलेला, सगळे दिसतात. वयानं ओळीत लाव. ताऱ्यांचंही तेच."

मला हे फार आवडलं. चेहऱ्यावर मी ते दिसू दिलं नाही.

त्यांच्या भावाच्या शेतात मी उत्साहानं कमरेएवढ्या उसाकडे बोट दाखवलं. "ही नवी लागण."

भाऊ हसले. "न्हाय ओ ताई, गेल्या सालचा हाय त्यो. हितं रान चोपण हाय, खारवट, वाढलाच न्हाय."

"बुटका दिसला की लहान समजायचं, हे हिचं संशोधन!" मॅडम म्हणाल्या, तेही खुरपणाऱ्या बायकांसमोर. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

पुढं माझ्या ढगात मला एक तारा सापडला. जाड धुळीत गुरफटलेला, अगदी तान्हा. माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता. मॅडमनी सही करायला साफ नकार दिला.

"ताऱ्याभोवती धुळीची चकती असते. ती कडेनं समोर आली तर थोराड ताराही धुळीत बुडालेला दिसतो. हा थोराडच आहे. वायू अजून आत पडतोय का, ते रेडिओ दुर्बिणीनं बघ. मग सही."

दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मागावा लागतो. पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा रांगेत पडून राहिला. माझ्या मागून आलेल्या मुली डॉक्टरेट घेऊन मोकळ्या झाल्या. शेवटी स्टाफरूममध्ये मी मॅडमच्या तोंडावर म्हटलं, "तुम्हाला माझं वाटोळंच करायचंय."

"कशावरून?" डब्याचं झाकण उघडत त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो, तेही तिसऱ्या माणसामार्फत. दुसरा अर्ज मंजूर झाला आणि दुर्बिणीनं माझा तारा बघितलाही. निकाल यायचा होता, तेवढ्यात मॅडम दिवाळीला अंथुर्ण्याला गेल्या आणि तिथंच झोपेत गेल्या.

त्याच आठवड्यात निकाल आला. वायू आत पडत होता. तारा तान्हाच होता, मॅडम चुकल्या होत्या. लॅपटॉप उचलून मी तावातावानं त्यांच्या केबिनकडे निघालेही. दाराचं कुलूप बघून भानावर आले.

शोकसभेत प्राचार्य गहिवरून म्हणाले, "मॅडम आज आकाशातला तारा झाल्या आहेत."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "सर, तारा असा होत नाही. त्याला ढग लागतो, लाखो वर्षं लागतात. जन्मभर त्यांनी हेच शिकवलं, आणि तुम्ही त्यांच्याच फोटोसमोर हे बोलता?" शेजारणीनं माझी ओढणी खेचली. मी थांबले नाही. "त्या तारा झालेल्या नाहीत. त्या गेल्यात. आणि माझ्या ताऱ्याबद्दल त्या चुकल्या होत्या, हे मला त्यांना तोंडावर सांगायचं होतं."

पहिल्या रांगेत बसलेले भाऊ मागं वळले.

"खरंच चुकली व्हय आक्का?"

"हो."

त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "ऐकायला पायजे हुती ओ. लय भांडली असती तुमच्यासंगं."

मग मात्र मला रडू आवरेना.