बॉनेटवरचा निळा चौकोन

चौदा वर्षांची गाडी विकण्याआधी तिला पॉलिश करून घ्यावं का, हे विचारायला मी चाकणच्या एका दुकानात गेलो होतो. मालक साठीकडे झुकलेला, गावचाच शेतकरी. पूर्वी गाड्यांच्या कारखान्यात रंगकामाला होता. गाडीजवळ येण्याआधी त्याने अंगठी काढून खिशात टाकली आणि पट्ट्याचं बक्कल फिरवून कमरेच्या बाजूला नेलं.

"इतके चरे आहेत, त्यात एकाची भर पडली तर काय बिघडलं?" मी म्हणालो.

"म्हून आमी बी वरबाडायची व्हय?" तो हसला. माणूस मला तिथेच आवडला.

नमुना म्हणून त्याने बॉनेटवर कागदी टेप लावून तळहाताएवढा चौकोन आखला आणि तेवढाच मशीनने घासला. टेप काढली, तर चौकोनात गाडी घेतली त्या दिवशीचा निळा रंग!

तरी मी हिशेबावर आलो. "हा खर्च विकताना भरून निघेल का?"

"न्हाई. घेणारा इंजिन बघंल, कागदं बघंल. इकायची असंल तर नगा करू, भाऊ. ठेवायची असंल तर करा. रोज तुमालाच बघायची हाय."

गाडी तशीच रावेतला घरी आणली. बायको म्हणाली, "हे काय, ठिगळ लावून आणलंत?"

विक्रीची जाहिरात लिहून तयार आहे, पण अजून टाकलेली नाही. काल गाडी पुसायला घेतली, तेव्हा आधी मी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवली.